सरलेले २०२२: आपल्या मते वर्षातील सर्वोत्तम आणि सर्वांत निराश करणारे अल्बम कोणते?

मध्यलय (धरमपेठ) | १ जानेवारी २०२३, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. सरलेल्या वर्षात ऐकलेल्या संगीताचा ताळेबंद मांडण्याची माझी जुनी सवय आहे. आतापर्यंत तो वहीतच राहत असे, यंदा आपल्यासमोर ठेवते आहे. माझी अट एकच आहे: जो अल्बम मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता, किमान तीनदा ऐकला आहे, त्याच्याविषयीच मी बोलणार. ही अट मूळची माझ्या वडिलांची. तबकडी सुरू झाल्यावर त्यांनी आम्हाला कधी मध्येच सुई उचलू दिली नाही. नावडते गाणे आले तरी ते ऐकायचे, कारण पुढचे आवडते गाणे त्याच्यामुळेच इतके मोकळे वाटते, असे ते सांगत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्यामुळे २०२२ हे ऐकलेल्या गाण्यांबद्दल त्यांच्याशी एकदाही न बोलता काढलेले माझे पहिले पूर्ण वर्ष.

माझ्या यादीत पहिला क्रमांक ‘मी वसंतराव’ या चित्रपटाच्या अल्बमचा आहे. १ एप्रिलला चित्रपट लागला आणि त्याच आठवड्यात मी तो पाहिला. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा, पण आई त्यांना घेऊन नागपुरात आली आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण इथेच सुरू झाले. सिव्हिल लाइन्समधील सभागृहावर त्यांचे नाव आपण इतक्यांदा वाचतो की त्या नावामागे एका एकट्या बाईने कष्टाने वाढवलेला मुलगा आहे, हे विसरूनच जातो. नातवाने आजोबांची गाणी गायची, म्हणजे नक्कल होण्याची भीती फार मोठी. राहुल देशपांडे यांनी गायक म्हणून आणि संगीतकार म्हणूनही ती भीती ओलांडली आहे, असे मला वाटते. रागदारी, दीनानाथांच्या वळणाचे नाट्यसंगीत आणि लावणी या तीन ठिकाणी वसंतरावांचा पिंड कसा घडत गेला, हे या अल्बममध्ये एका बैठकीत ऐकू येते. एकेक गाणे सुटे ऐकले तर ते कळत नाही. जुलैमध्ये ६८ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि त्यांत पार्श्वगायनाचा पुरस्कार राहुल यांना याच चित्रपटासाठी मिळाला, तेव्हा घरात मला एकटीलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी त्या वाजवल्या.

दुसरा क्रमांक अमित त्रिवेदी यांच्या ‘कला’चा आणि तिसरा ‘चंद्रमुखी’चा. ‘चंद्रमुखी’त श्रेया घोषाल यांनी गायलेले ‘चंद्रा’ सर्वत्र वाजले, ते योग्यच झाले. पण माझा जीव ‘बाई गं’ या बैठकीच्या लावणीत अडकला आहे. आर्या आंबेकरचा जन्म नागपूरचा, म्हणून हे लिहीत नाही. त्या गाण्यात ती शब्दाला जिथे थांबू देते, तिथे थांबायला बहुतेक गायिका धजावत नाहीत.

निराश करणारा अल्बम ‘ब्रह्मास्त्र’. प्रीतम यांच्या चाली मला वाईट वाटत नाहीत, पण अल्बम म्हणून तो माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. जुलैत एक गाणे, ऑगस्टमध्ये दुसरे, ९ सप्टेंबरला चित्रपट आणि संपूर्ण अल्बम त्यानंतर ऑक्टोबरमध्ये, असा तो तुकड्यातुकड्यांनी आला. तोपर्यंत ऐकणाऱ्याची भूक मेलेली होती.

आपली यादी सांगावी, आणि कारणासहित सांगावी, ही विनंती.

जुनी तबकडी (महाल) | १ जानेवारी, दुपारी १:१५

मध्यलय ताई, आपल्या वडिलांचा नियम ऐकून फार बरे वाटले. आमच्या घरीही तोच होता. मात्र आपल्या मांडणीतील एका गृहीतकाशी मी सहमत नाही.

चित्रपटाच्या गाण्यांच्या संचाला आपण ‘अल्बम’ म्हणता, पण त्या गाण्यांचा क्रम कोण ठरवतो? पुष्कळदा तो कंपनी ठरवते, आणि जे गाणे आधी खपेल ते आधी लागते. संगीतकाराने पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत विचार केलेला अल्बम निराळा असतो. १० मे रोजी पंडित शिवकुमार शर्मा गेले. त्या संध्याकाळी मी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. १९६७ ची ही तबकडी; संतूरवर शिवकुमार, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा एक दिवस त्यात रागांच्या प्रहरांनुसार उलगडतो. सकाळी अहिर भैरव, त्यानंतर नट भैरव, मग पिलू, आणि रात्र चढत जाते तशी भूप आणि देस. त्यातील क्रम बदलून पाहा, सकाळ आणि रात्र यांची अदलाबदल होऊन सगळी गोष्टच मोडते. माझ्या दृष्टीने अल्बम तो हाच. एक बाजू संपल्यावर उठून तबकडी उलटवावी लागे, तेवढी उसंतही त्या दिवसाचाच भाग वाटे.

म्हणून २०२२ चा सर्वोत्तम अल्बम मला विचाराल तर मी पंचावन्न वर्षांपूर्वीचा सांगेन, कारण सरलेल्या वर्षी मी मनापासून पूर्ण ऐकलेला तोच होता. आपल्या प्रश्नाचे हे उत्तर नाही, याची मला जाणीव आहे, परंतु खरे उत्तर हेच आहे.

अंबाझरी | १ जानेवारी, दुपारी ३:०२

काका, नियमात बसत नसले तरी आपले उत्तर मी माझ्या यादीत लिहून घेतले आहे. आज रात्रीच ऐकतो.

पाचपावली | १ जानेवारी, रात्री ८:५०

हा धागा नागपूरकरांचा आहे आणि त्यात अजून ‘झुंड’चे नाव आलेले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

४ मार्चला ‘झुंड’ लागला. ज्या विजय बारसे सरांच्या कामावर तो आधारलेला आहे, ते हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक होते आणि २००१ साली त्यांनी आपल्याच शहरातील वस्त्यांमधील मुलांना घेऊन फुटबॉलचे काम सुरू केले. चित्रपटाचे चित्रीकरण नागपुरात झाले, त्यातील मुले आमच्यासारख्या वस्त्यांमधील आहेत आणि त्यांची भाषाही आमचीच आहे. अजय-अतुल यांचे संगीत, अमिताभ भट्टाचार्य यांचे शब्द आणि फक्त चार गाणी. मध्यलय ताईंनी सांगितलेल्या अटीनुसारच मी ती ऐकली आहेत, तीनदा नव्हे, तीसपेक्षा जास्त वेळा. रोज मी सीताबर्डी स्थानकावर मेट्रोत बसतो, खापरीला पोहोचण्याच्या आत चारही गाणी संपतात आणि मी पुन्हा पहिल्यापासून लावतो.

‘आया ये झुंड है’ यातला ताल मला कुठल्या स्टुडिओतला वाटत नाही. लहानपणी आम्ही जे हाती लागेल ते वाजवायचो, पत्र्याचा डबा, पाण्याची टाकी, शाळेचे बाक. आणि वाजवले की कोणीतरी येऊन आम्हाला हाकलून लावायचे. तो आवाज गाण्याचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट माझ्यासाठी मोठी आहे. त्यानंतर येणारे ‘बादल से दोस्ती’ हे सिड श्रीराम यांचे गाणे अगदी उलट्या टोकाचे, हलके आणि वर उचलणारे. पहिल्या गाण्याचा दणका कानात ताजा असतानाच ते ऐकावे लागते, एरवी ते नुसते गोड वाटेल. क्रमाचे महत्त्व म्हणतात ते हेच ना?

जुन्या तबकडीवरील मेंढपाळाचा दिवस सुंदर असेलच, काका. पण आमच्या दिवसाचाही एक अल्बम यंदा निघाला आणि त्याची नोंद व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मध्यलय (धरमपेठ) | १ जानेवारी, रात्री ९:३५

पाचपावली भाऊ, आपली तक्रार मला मान्य आहे. मी ‘झुंड’ चित्रपट पाहिला होता, पण गाणी वेगळी काढून क्रमाने ऐकली नव्हती. चार गाण्यांचा अल्बम आपोआपच माझ्या हिशेबाबाहेर राहिला. ‘सैराट’मध्येही चारच गाणी होती आणि त्या चार गाण्यांनी २०१६ चे सगळे वर्ष व्यापले होते, हे मला आठवायला हवे होते. या आठवड्यात ऐकून पुन्हा लिहिते.

जुनी तबकडी (महाल) | १ जानेवारी, रात्री १०:१०

पाचपावलीकर, आपण लिहिलेल्या क्रमाच्या मुद्द्याने माझ्या मुद्द्याला चांगले उत्तर मिळाले आहे. मी ती चार गाणी ऐकेन.

सुरांचा रहिवासी | २ जानेवारी, सकाळी ११:२०

मी रहमान यांचा चाहता आहे आणि १९९० च्या दशकात कॅसेटच्या दोन्ही बाजू पाठ होईपर्यंत ऐकणाऱ्यांपैकी आहे. म्हणूनच यंदाचा माझा सर्वोत्तम आणि सर्वांत निराश करणारा, असे दोन्ही अल्बम त्यांचेच आहेत, आणि हे लिहिताना मला वेदना होत आहेत.

निराश करणारा ‘हीरोपंती २’. तो चित्रपट २९ एप्रिलला आला, म्हणजे ज्या शुक्रवारी ‘चंद्रमुखी’ आला त्याच शुक्रवारी. मी तो अल्बम दोनदा पूर्ण ऐकला. वाद्ये भरपूर आहेत, आवाज मोठा आहे, पण गाणे संपल्यावर चालीची एकही ओळ ओठांवर राहत नाही. मोठ्या संगीतकाराचा दुबळा अल्बम ऐकताना मी आधी स्वतःच्या कानांवर संशय घेतो. या वेळी दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो संशय फिटला.

सर्वोत्तम ‘पोन्नियिन सेल्वन’चा पहिला भाग, तोही तमिळमध्ये. चित्रपट ३० सप्टेंबरला आला. हिंदी शब्दांसह केलेली आवृत्तीही मी ऐकली, पण ‘पोन्नी नदी’ हे गाणे तमिळमध्येच पाण्यासारखे वाहते. मला तमिळ येत नाही. तरीही तमिळ शब्दांतील ‘ळ’ आणि ‘ऴ’ त्या तालावर असे बसले आहेत की हिंदीत ती जागा रिकामी राहते. आपल्या मराठीत ‘ळ’ आहे, म्हणून कदाचित मला ते अधिक जाणवत असेल. त्याच वर्षी, पाच महिन्यांच्या अंतराने, त्याच माणसाने हे केले. कथेतील काळ, भूमी आणि दिग्दर्शक यांनी संगीतकाराकडून काय मागितले, यावर अल्बम किती अवलंबून असतो, हे मला या जोडीवरून कळले.

अंबाझरी | २ जानेवारी, दुपारी १२:४५

मला ‘ब्रह्मास्त्र’ची बाजू मांडायची आहे.

मध्यलय ताई, गाणी तुकड्यांनी आली, हा दोष आपण अल्बमच्या खात्यात टाकला आहे. पण माझ्या वयाच्या लोकांनी अल्बम एका दिवशी विकत घेतल्याचा अनुभवच घेतलेला नाही. आम्हाला गाणी अशीच मिळतात. ‘केसरिया’ जुलैत आले, त्यातील ‘लव्ह स्टोरियाँ’ या शब्दांवर लोकांनी महिनाभर टीका केली, आणि तरीही नोव्हेंबरपासून मी ज्या ज्या लग्नाला गेलो तिथे वधूच्या प्रवेशाला तेच गाणे वाजले. माझ्या बहिणीच्या लग्नातही वाजले आणि माझी आई रडली. त्या गाण्याला मी निराशेच्या रकान्यात टाकू शकत नाही.

तुकड्यांचा नियम मोडणारा एक अल्बम मात्र मला यंदा भेटला, तो बियॉन्सेचा ‘रेनेसाँ’. २९ जुलैला आला. त्यातील गाणी एकमेकांत अशी मिसळत जातात की एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय समजत नाही. तो पहिल्यांदा मी फुटाळ्याच्या काठावर चालताना ऐकला आणि दोन फेऱ्या मारूनही घरी जावेसे वाटले नाही. एका गाण्यावर थांबून दुसऱ्यावर उडी मारायची माझी सवय त्या अल्बमने मला एका संध्याकाळपुरती सोडायला लावली. माझ्यासाठी वर्षातील सर्वोत्तम तो.

विदर्भकन्या | २ जानेवारी, दुपारी ४:३०

अंबाझरी, आपल्या आईच्या डोळ्यांतील पाण्याचा मान ठेवूनच लिहिते: गाणे चांगले असणे आणि अल्बम चांगला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असेच मध्यलय ताईंनी म्हटले आहे. त्यामुळे आपल्या दोघांत फारसे अंतर नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मी वर्षभर मोबाइलवरच गाणी ऐकली आणि कितीतरी वेळा गीतकाराचे नाव शोधण्यात गाण्यापेक्षा जास्त वेळ गेला. तबकडीच्या पाठीवर, कॅसेटच्या घडीच्या कागदावर गीतकार, संगीत संयोजक आणि कधी कधी वादकांचीही नावे असत. आता गायकाचे नाव मोठे, कंपनीचे चिन्ह त्याच्या बाजूला, आणि शब्द ज्याने लिहिले तो तीन ठिकाणी बोट दाबल्यावर सापडला तर सापडला. मी स्वतः थोडे लिहिते, म्हणून मला हे टोचते. जुन्या गाण्यांना नवा ठोका लावून बाजारात आणलेले जे संच यंदा आले, त्यांपैकी काहींमध्ये मूळ गीतकाराचे नाव मला कुठेही दिसले नाही. वर्षातील सर्वांत वाईट अल्बम म्हणून मी त्या सगळ्यांना मिळून एकच जागा देते. चाल बिघडली तर ती कोणीतरी पुन्हा दुरुस्त करील, पण पुढच्या पिढीला ते शब्द कोणाचे, हे माहीतच नसेल तर काय करणार?

याच कारणासाठी ‘लालसिंग चड्ढा’ हा अल्बम मला जवळचा वाटला. त्यातील ‘कहानी’ हे पहिले गाणे एप्रिलअखेर आले तेव्हा त्यासोबत नट-नट्यांचे चित्र नव्हते. गाणे घडवणाऱ्यांकडे लोकांचे लक्ष जावे, यासाठी निर्मात्यांनी तसे ठरवले होते. मोहन कन्नन यांचा आवाज, अमिताभ भट्टाचार्य यांचे शब्द, प्रीतम यांची चाल. चित्रपट चालला नाही आणि त्याच्याबरोबर गाणीही मागे पडली. हे गाणे अशा विस्मरणात जायला नको होते.

रेशीमबाग | २ जानेवारी, सायंकाळी ६:०५

एकाच वर्षात प्रीतम यांचा एक अल्बम निराशेच्या यादीत आणि दुसरा जिव्हाळ्याच्या यादीत. रहमान यांचेही तसेच. अजय-अतुल यांचे मात्र तीनही अल्बम चांगले ठरले, असे मी नोंदवतो. ‘झुंड’, ‘चंद्रमुखी’ आणि ३० डिसेंबरला आलेला ‘वेड’.

सुरांचा रहिवासी | २ जानेवारी, सायंकाळी ६:४०

रेशीमबाग भाऊ, ‘वेड’ २०२२ चा धरायचा का? चित्रपट लागून चार दिवसही झालेले नाहीत.

रेशीमबाग | २ जानेवारी, सायंकाळी ६:५८

गाणी डिसेंबरमध्येच आली आहेत. श्रेया घोषाल यांचे ‘सुख कळले’ मी ख्रिसमसच्या सुटीत रोज ऐकले आहे. त्यामुळे माझ्या वर्षात ते बसते. चार दिवसांत अल्बमचा निवाडा करू नये, हे मात्र मला पटते. त्याचा क्रमांक मी पुढच्या जानेवारीत सांगेन.

हिंगणाकर | ३ जानेवारी, सकाळी ७:३०

मी मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे. ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात मी दोनदा त्यावरून गेलो. रस्ता सरळ, वस्ती दूर, थांबे कमी. अल्बम ऐकण्यासाठी अशी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. जाताना ‘मी वसंतराव’ लावला आणि येताना ‘गोदावरी’.

‘गोदावरी’चे नाव अजून कोणी घेतले नाही म्हणून लिहितो. चित्रपट ११ नोव्हेंबरला लागला, संगीत ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांचे. नाशिकच्या घाटावरचा संसार, त्यात रुतून बसलेला एक चिडका माणूस, आणि शेजारून वाहणारी नदी. ‘खळ खळ गोदा’ हे राहुल देशपांडे यांनीच गायलेले गाणे शिर्डीहून परतताना, जालन्याच्या पुढे, अंधार पडल्यावर लागले. मी गाडी कडेच्या थांब्यावर घेतली आणि गाणे संपेपर्यंत उभा राहिलो. त्या महिन्यात माझ्या भावाशी माझे बोलणे बंद होते. नागपूरला पोहोचण्याआधी मी त्याला दूरध्वनी केला. गाण्यामुळे केला, असे मी म्हणत नाही, पण गाणे ऐकल्यावर केला, हे खरे आहे.

निराश करणारा अल्बम मी सांगू शकत नाही, कारण जो आवडत नाही तो मी अर्ध्यावर बंद करतो, आणि ताईंच्या अटीनुसार त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

मध्यलय (धरमपेठ) | ३ जानेवारी, दुपारी २:१०

हिंगणाकर, आपण माझ्या अटीतील खरी अडचण दाखवलीत. वाईट अल्बम तीनदा कोण ऐकेल? मी ‘ब्रह्मास्त्र’ तीनदा ऐकला, कारण मला तो आवडावा अशी इच्छा होती. निराशा या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता तोच आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नव्हती, त्या अल्बमला मी या यादीत घेतलेले नाही.

जुनी तबकडी (महाल) | ३ जानेवारी, रात्री ९:००

‘कला’विषयी थोडे. ताईंच्या यादीत दुसरा क्रमांक आहे म्हणून काल तो अल्बम पूर्ण ऐकला. सिरीषा भागवतुला या गायिकेचा आवाज मला फार आवडला. ‘घोडे पे सवार’मध्ये ती त्या काळच्या गायिकांची ढब घेते, पण त्यांचा अनुनासिक स्वर उसना घेत नाही, ही समज मोठी आहे. ‘फेरो ना नजरिया’ तर मी लागोपाठ दोनदा लावले.

आक्षेप एका गोष्टीवर आहे. कथा चाळीसच्या दशकाच्या आसपासची, आणि त्या काळी सारे वादक व गायक एकाच खोलीत, एकाच ध्वनिक्षेपकाभोवती उभे राहून गात. आवाजात त्या खोलीचा गंध असे. इथे प्रत्येक वाद्य स्वच्छ, धुऊन पुसून वेगळे ठेवलेले आहे. चाल त्या काळाची आणि ध्वनी आजचा, अशी ही जोडणी मला पूर्णपणे पटली नाही. तरीही हे काम प्रामाणिक आहे, आणि असे काम आणखी व्हावे.

विदर्भकन्या | ४ जानेवारी, सकाळी १०:२५

जुनी तबकडी काका, मला तो स्वच्छपणा मुद्दाम केलेला वाटतो. त्या चित्रपटातील मुलगी आपल्याला हे सगळे आपल्या आठवणीतून दाखवते आहे, आणि आठवणीत खरखर नसते. आणखी एक, या अल्बमचे शब्द एकाच्या हातचे नाहीत. वरुण ग्रोव्हर, अमिताभ भट्टाचार्य, कौसर मुनीर, स्वानंद किरकिरे, अन्विता दत्त अशी मंडळी त्यात आहेत आणि तरीही भाषा एका घरातील वाटते. हे कसे साधले असेल, याचा मी अजून विचार करते आहे.

गोकुळपेठेची | ५ जानेवारी, रात्री ११:४०

या धाग्यात ३१ मेची आठवण कोणी काढली नाही. त्या रात्री कोलकात्यातील कार्यक्रमानंतर केके गेले. त्या आठवड्यात मी १९९९ चा त्यांचा ‘पल’ अल्बम ऐकला. शाळेच्या निरोप समारंभात ज्या गाण्यांवर आम्ही रडलो होतो, ती दोन गाणी सोडून बाकीची मला माहीतच नव्हती. तेवीस वर्षे मी त्या अल्बममधील दोनच खोल्यांत राहत होते. २०२२ मध्ये इतके लोक गेले. फेब्रुवारीच्या सहा तारखेला लताबाई, त्यानंतर नऊ दिवसांनी बप्पी लाहिरी, मेमध्ये शिवकुमार आणि केके, जुलैमध्ये भूपिंदर सिंग. नव्या अल्बमपेक्षा मी जुनेच जास्त ऐकले, आणि माझ्या ओळखीतील बहुतेकांचे तसेच झाले असावे.

मध्यलय (धरमपेठ) | ६ जानेवारी, सकाळी ८:१५

सहा फेब्रुवारी रविवार होता. आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी सकाळी आकाशवाणी लावली ती रात्री झोपेपर्यंत बंद केली नाही. त्या दिवशी क्रम माझ्या हातात नव्हता, आकाशवाणी जे लावेल ते सगळी गल्ली ऐकत होती. वडील असते तर त्यांनी त्यालाही अल्बमच म्हटले असते, असे गोकुळपेठेच्या ताईंचे लिहिणे वाचून वाटले.

सुरांचा रहिवासी | ११ जानेवारी, सकाळी १०:०५

आज सकाळची बातमी सर्वांनी पाहिली असेल. एम. एम. कीरवाणी यांच्या ‘नाटू नाटू’ला गोल्डन ग्लोब मिळाला. ‘आरआरआर’ २०२२ च्या मार्चमधला, म्हणजे आपल्याच वर्षातला. अभिमान वाटला. मात्र आपल्यापैकी एकानेही दहा दिवसांत तो अल्बम सुचवला नव्हता, याचाही मी विचार केला. मी स्वतः ते गाणे शेकडो वेळा ऐकले आणि त्या अल्बममधील उरलेली गाणी एकदाही क्रमाने ऐकली नाहीत. आता ऐकेन.

पाचपावली | १५ जानेवारी, रात्री ८:२०

आज संक्रांत. सकाळपासून आमच्या भागातील प्रत्येक गच्चीवर ध्वनिवर्धक होता आणि ‘ओ काट’च्या आरोळ्यांच्या मध्ये जी गाणी वाजली, ती मी मोजत होतो. ‘चंद्रा’ चार गच्च्यांवर वाजले, ‘केसरिया’ दोन गच्च्यांवर, आणि ‘झिंगाट’ अजूनही सगळीकडे. ‘झुंड’ आमच्या गच्चीवर मी लावला, चारही गाणी, क्रमाने. तिसरे गाणे सुरू झाल्यावर समोरच्या गच्चीवरील मुलांनी त्यांचा आवाज बंद केला आणि आमचे ऐकू लागली.

मध्यलय (धरमपेठ) | १६ जानेवारी, सायंकाळी ७:५०

पाचपावली भाऊ, मी ‘झुंड’ आता तीनदा ऐकला आहे. पहिल्या दोन्ही वेळी मी तो घरात, कर्णफोन लावून ऐकला आणि मला तो नुसता जोरकस वाटला. तिसऱ्यांदा, आपण लिहिलेत तसा, मेट्रोत बसून ऐकला. खिडकीतून अजनीचे रूळ मागे जात असताना ‘बादल से दोस्ती’ सुरू झाले आणि शेजारच्या आसनावरील शाळकरी मुलगा खाली मैदान दिसताच उभा राहिला. तेव्हा मला आपले म्हणणे समजले. माझ्या वहीत ‘चंद्रमुखी’ आणि ‘झुंड’ आता तिसऱ्या क्रमांकावर एकत्र आहेत, आणि त्यांतील एकाला चौथ्यावर ढकलण्याचे मी यंदा तरी करणार नाही.

‘मी वसंतराव’ पहिल्यावरच आहे. काल संक्रांतीला आईने तिळगूळ देताना विचारले, यंदा कोणते ऐकलेस? वडील दरवर्षी विचारत तसेच. मी लावले. आईने मला एकदाही मध्ये थांबवले नाही.

जुनी तबकडी (महाल) | १६ जानेवारी, रात्री १०:३०

‘झुंड’ ऐकला, पाचपावलीकर. दुसऱ्या गाण्यानंतर उठून तबकडी उलटवण्याची सवय असल्यामुळे मी आपोआप खुर्चीतून उठलो. तिथे तशी उसंत असती तर बरे झाले असते, एवढाच माझा आक्षेप आहे.